इंदूवहिनीचा उजवा डोळा

उन्हाळा लागला की आमच्या रोहण्याच्या घरात सगळ्यांत जास्त ऐकू यायचा तो कुरडईच्या साच्याचा करकर आवाज. तीन दिवस भिजवलेला गहू आईनं पाट्यावर वाटलेला असायचा, त्याचा चीक सकाळी सहालाच चुलीवर चढायचा आणि त्याचा आंबूस, गरम वास घरभर पसरायचा. मागच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, ओळीनं बाजा टाकलेल्या. त्यांच्यावर आईची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी. आणि त्या लुगड्यांवर कुरड्यांच्या पांढऱ्या रांगा. त्या राखायचं काम माझ्याकडं आणि इंदूवहिनीकडं असे. हातात तुराटी घेऊन कावळे हाकलायचे आणि मध्येच आत जाऊन तेल-तिखट घातलेल्या गरम चिकाची वाटी आणायची. आई म्हणायची, ‘‘साऱ्या कुरड्या तुमच्या पोटातच वाळू घाला.’’

इंदूवहिनी ही माझ्या मोठ्या भावाची, दादाची बायको. माझ्याहून जेमतेम वर्षानं मोठी. माहेर हिंगणघाटकडचं, नववीत असताना शाळा सुटलेली. दादा पुलगावला नोकरीला होता, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचा, त्यामुळं मधले पाच-सहा दिवस वहिनी जास्त माझीच असायची. चारचौघांत ती मला ‘मंदाबाई’ म्हणायची आणि ‘तुम्ही’ म्हणायची. दोघीच असलो की सरळ तू-तू. तिची नजर फार तीक्ष्ण होती. शेजारपाजारच्या म्हाताऱ्या गोधडीची सुई ओवून घ्यायला तिच्याकडं यायच्या. तुरीच्या डाळीतला खडा आईला चाळणीनं सापडत नसे, तो ती बसल्या जागेवरून दाखवायची. आर्वीच्या रस्त्यावर एसटी दिसायला लागली की पाटीवरचं गाव ती इतक्या लांबून वाचायची, की मला पाटी आहे हेसुद्धा दिसत नसे.

बाबांचं घरातलं स्थान म्हणजे पुढची सपरी, ओसरीच ती. सकाळी लवकर शेतात जाऊन ते दहाच्या सुमाराला परत यायचे, पाय धुवायचे आणि सपरीतल्या खाटेवर बसून रेडिओ लावायचे. मोठ्या सेलवर चालणारा तो रेडिओ त्यांच्या फार जिव्हाळ्याचा. शॉर्टवेव्हवर लांबच्या देशातून जुनी हिंदी गाणी लागत, ती खरखरत, लाटेसारखी जवळ-दूर होत यायची. गाणं चालू असताना बाबांशी कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. भाकर, वांग्याची भाजी आणि कच्चा कांदा समोर येईपर्यंत ते डोळे मिटून बसत. वेळेच्या बाबतीतही त्यांचा भरवसा रेडिओवरच. रोज सकाळी बातम्यांच्या आधीच्या ठोक्यावर ते भिंतीवरचं घड्याळ मिळवत.

मी तेव्हा आर्वीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या भावकीतली एवढी शिकणारी पहिली मुलगी. बाबांनी परवानगी दिली होती, पण ती दर वर्षाची वेगळी असायची. ‘‘यंदाचं होऊ दे, मंग पाहू,’’ असं ते म्हणत आणि मंगचं काय ते मला आणि आईला ठाऊक होतं. मूर्तिजापूरकडचं एक स्थळ तेव्हापासूनच अधूनमधून घरात बोललं जात होतं. आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायला गावंडे सर होते. खादीचा सदरा, पांढरी टोपी, आवाज इतका बारीक की मागच्या बाकावर पोचत नसे. त्यांच्याजवळ स्वतःची तीन इंची दुर्बीण होती. तिनं ते रोज सूर्याची प्रतिमा एका पांढऱ्या कागदावर पाडत, त्यावर दिसणारे डाग पेन्सिलीनं उतरवून घेत, समूह किती, डाग किती ते मोजत आणि महिन्याचे कागद एकत्र बांधून दक्षिणेकडच्या डोंगरावरच्या एका वेधशाळेला पाठवत. अकरा वर्षं त्यांचा हा नेम होता. ढग सोडले तर एकही दिवस रिकामा नव्हता. त्या उन्हाळ्यात त्यांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं आणि दोन महिने उभं राहायला डॉक्टरांनी मनाई केली. सरांनी वर्गातल्या सगळ्या मुलांना सोडून दुर्बीण मला दिली. एसटीत ती मी मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, ‘‘ताई, हे काय, पंप हाय का?’’

देण्याआधी सरांनी मला एक गोष्ट करून दाखवली होती. दुर्बिणीच्या डोळा लावायच्या टोकाशी त्यांनी एक सुकलेलं पिंपळाचं पान धरलं. क्षणभरात त्यातून धूर निघाला. ‘‘इथं डोळा लावायचा नाही. कधीच नाही. जे पाहायचं ते कागदावर,’’ एवढंच ते म्हणाले. ते पान मी जन्मात विसरले नाही. पण घरी आल्यावर ते दुसऱ्या कोणाला दाखवायचं मला सुचलं नाही. वहिनीला मी फक्त सांगितलं, ‘‘हात लावू नको हं, सरची हाय.’’ का जळतं, काय जळतं, हे सांगायला मला एक मिनिट लागलं असतं.

रोज सकाळी साडेनऊ-दहाला वाळवणाच्या बाजांपासून थोडं दूर मी दुर्बिणीची तिवई मांडायची. कागदावर बशीएवढा सूर्य पडायचा, थरथरणारा, कडेनं किंचित काळसर. पहिल्याच दिवशी वहिनी कुरड्या सोडून मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘हे आन हे तं तू लिवलंच नाई.’’ दोन बारीक ठिपके. मी वाकून पाहिले, खरंच होते. तेव्हापासून आमचं ठरून गेलं. मी मोठे डाग उतरवायची आणि मग ती बारीक सांगायची. त्या वर्षांत सूर्य फार खवळलेला होता, एकेका दिवशी साठ-सत्तर डाग भरायचे. निम्मे तिचे असत. कागदाच्या खाली सही मात्र एकाच निरीक्षकाची असायची, आणि ती माझी. याचं तेव्हा मला काही वाटलं नाही, तिलाही वाटत नसावं असं मी धरून चालले.

मे महिन्याच्या मध्यावर डागांचा एक प्रचंड समूह सूर्याच्या कडेवरून वर आला. वहिनीनं त्याचं नाव ‘म्हैस’ ठेवलं आणि भोवतीच्या लहान डागांचं ‘वगारं’. रोज सकाळी ती विचारायची, ‘‘म्हैस कुठवर आली?’’ ती मध्यावर आली त्या दिवशी घरात कुरड्यांचा शेवटचा घाणा होता. मी म्हशीचा आकार उतरवत होते आणि माझ्या पेन्सिलीच्या टोकाशी, तिच्या पाठीवर दोन ठिकाणी, कागद एकदम पांढराशुभ्र झाला. आधी वाटलं नळीभोवती सावलीसाठी लावलेल्या पुठ्ठ्याला भोक पडलं. सरांनी शिकवल्याप्रमाणं मी नळी हळूच हलवली. दोन्ही ठिपके सूर्याबरोबर हलले. म्हणजे ते सूर्यावरच होते. पुस्तकात मी वाचलं होतं की सूर्यावर स्फोट होतात, ज्वाला उठतात, पण साध्या उजेडात त्या दिसणं फार दुर्मीळ. सरांना अकरा वर्षांत एकदाही दिसली नव्हती. वेळ पाहायला हवी होती आणि दुसरं कोणीतरी पाहायला हवं होतं. मी ओरडले, ‘‘वयनी, इकडं ये! सूर्यावर काईतरी पेटलं! हे पाहत राहजो, हालू नको, आलीच मी!’’

आत धावले. घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. सपरीत बाबा रेडिओच्या पाठीवर थापा मारत होते.

‘‘बाबा, लवकर चाला, मागं सूर्यावर...’’

‘‘थांब व, हे काय होऊन राह्यलं पाहू दे. आता तं चांगलं गानं चालू होतं, एकदम मुकंच झालं. सेल बी नवे हायेत.’’

ते उठले नाहीत. मी तशीच मागं पळाले. सगळं मिळून दोन मिनिटंही गेली नसतील. वहिनी तिवईजवळ जमिनीवर बसली होती, उजव्या डोळ्यावर पदराचा बोळा घट्ट दाबून. मी तिला पाहिलं. आणि आज पंचाहत्तरीला टेकलेली मी हे पहिल्यांदाच लिहिते आहे, की तिला पाहूनही मी आधी कागदाकडं गेले. दोन पांढरे ठिपके लहान होत होते, टाचणीच्या डोक्याएवढे उरले होते आणि किंचित सरकले होते. त्यांची जागा मी उतरवली. शेजारी वेळ लिहिली. मी लिहीत असतानाच ते विझले. मग मी वळले.

‘‘काय झालं वयनी?’’

‘‘आत पाहिलं.’’

‘‘आत? नळीत?’’

‘‘तू म्हनलं पाहत राहजो. कागदावर ते पुसट होऊन राह्यलं होतं. म्हनलं विझून जाईन, आत चांगलं दिसन.’’ ती शांतपणे बोलत होती, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तेवढ्यात आई चिकाचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि तिनं विचारलं, काय झालं. मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, ‘‘चीक उडाला आत्याबाई, डोळ्यात.’’ आईनं तिला आत नेलं, थंड पाण्याचे हबके मारले, दुधात भिजवलेला कापूस डोळ्यावर ठेवला. मी दारात उभी होते. खरं सांगायला तेव्हाही उशीर झाला नव्हता. मी गेले आणि दुर्बिणीवर टोपण चढवलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो. वहिनीनं डावा डोळा हातानं झाकला आणि माझ्याकडं पाहिलं. ‘‘मंदा, तुया तोंडावर डाग येते. तुये केस दिसते, कान दिसते, मागची भिंत दिसते. तोंडच नाई दिसत.’’ तिनं विचारलं, ‘‘कवा जाईन हे?’’

‘‘जाईन,’’ मी म्हणाले. मला काहीही माहीत नव्हतं. एवढं मात्र कळत होतं, की हे बाहेर आलं तर दुर्बीण जाईल, कॉलेज जाईल आणि पावसाळ्याआधी मूर्तिजापूरचे लोक घरी येतील. वहिनीलाही ते कळत होतं. ती माझ्यासाठी गप्प राहिली असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले, आणि त्यात थोडं तथ्यही असेल. पण नव्या सुनेनं सासरी न विचारता महागाच्या वस्तूला हात लावला, हे ऐकून घ्यायची तिला धास्ती होती, हेही खरं. आम्ही दोघी एकाच भीतीच्या आडोशाला उभ्या होतो, इतकंच. ती पुन्हा तिवईपाशी आली नाही. माझ्या कागदांवरचे बारीक डाग एकदम कमी झाले. पुढं कधीतरी ते जुने कागद चाळताना माझ्या लक्षात आलं, की तो फरक कोणालाही दिसेल इतका ठळक आहे.

जूनच्या शेवटी, कॉलेज उघडल्यावर आठवड्याभरातच, गावंडे सर स्वतः एसटीनं रोहण्याला आले. हातात माझ्या मे महिन्याच्या कागदांना आलेलं वेधशाळेचं पत्र. सपरीत खाटेवर बसून, पोटावर एक हात धरून, ते आपल्या बारीक आवाजात वाचू लागले. त्या दिवशी, त्याच वेळेला, वेधशाळेच्या यंत्रांवरही मोठी सौरज्वाला नोंदली गेली होती. उघड्या प्रकाशात ती ज्यांनी पाहिली असे फारच थोडे, त्यांत रोहण्याचा एक कागद.

‘‘तुमच्याकडे रेडिओ आहे ना?’’ सरांनी बाबांना विचारलं. ‘‘त्या वेळी तो बंद पडला होता का?’’

बाबा चमकले. ‘‘पडला होता नं सर! तासभर मुका. मी आर्वीले नेऊन दाखवला, तो म्हने काईच बिघाड नाई.’’

सर हसले. त्यांनी समजावून सांगितलं, की ज्वालेतून निघणारे किरण आठ मिनिटांत इथं पोचतात, आकाशाच्या वरच्या थरात गडबड करतात आणि शॉर्टवेव्हचा आवाज तिथंच जिरून जातो. शिवाय अशा वेळी सूर्य कधीकधी स्वतःच्या अंगचा लोटच्या लोट बाहेर फेकतो, तो दोन-तीन दिवसांनी पृथ्वीशी येऊन धडकतो. (पुढं माझी तीस वर्षं त्या लोटांचा वेग मोजण्यात गेली. तेव्हा मात्र मी खाली मान घालून फरशी पाहत होते.) बाबा इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्या दोघांना हाक मारून आणलं. ‘‘म्हंजे माया रेडिओ बिघडला नवता! सूर्यानं बंद केला होता! आन माया पोरीनं पाहिलं!’’

‘‘एक त्यांनी विचारलंय,’’ सर मला म्हणाले. ‘‘त्या वेळी सोबत कोणी होतं का? दोघांनी पाहिलं असेल तर नोंद भक्कम होते.’’

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. तिनं सरांचा कप स्टुलावर ठेवला आणि तो स्टुलाच्या कडेबाहेर पडला. चहा सरांच्या धोतरावर, पत्रावर. आई आतून म्हणाली, ‘‘आजकाल हिचं असंच होऊन राह्यलं. कुठं ठेवते, कुठं पडते.’’ वहिनी खाली वाकून कपाचे तुकडे हातानं चाचपत होती. एक तुकडा तिच्या अगदी समोर होता, तो धरायला गेलेला तिचा हात दोनदा अलीकडंच पडला. मी तो उचलला आणि उभी राहिले.

‘‘वयनी होती सर. तिनं आत पाहिलं. नळीत.’’

सरांनी पत्र खाली ठेवलं. त्यांनी वहिनीला अंगणात उजेडात नेलं, तिला डावा डोळा झाकायला सांगितलं आणि तिच्यासमोर उभे राहिले. ‘‘बाई, मी दिसतो का तुम्हाला?’’

‘‘टोपी दिसते सर. हात दिसते.’’ मग थोडं थांबून, ‘‘तोंड नाई.’’

सर तिथंच ओट्यावर बसले. इतका मोठा माणूस रडताना मी आधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादाला बोलावून घेतलं आणि सगळे वर्ध्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा आतला पडदा मधोमध जळला आहे, ते आता भरून येणार नाही. मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, ‘‘तरी फार फरक पडला नसता, बहुतेक.’’ त्या ‘बहुतेक’सोबत मी आजवर राहिले आहे. दादा माझ्याशी दीड वर्ष बोलला नाही. बाबा ओरडले नाहीत, फक्त आईला म्हणाले, ‘‘कॉलेज झालं आता तिचं.’’ सर दुर्बीण घेऊन गेले आणि पुन्हा कोणाच्याही घरी ती त्यांनी दिली नाही.

आठ दिवसांनी बाबा जेवायला बसले असताना वहिनी भाकर वाढायला आली आणि वाढून झाल्यावर गेली नाही. सासऱ्याशी समोरासमोर ती तोवर कधी बोललेली नव्हती. डोक्यावरचा पदर धरून ती म्हणाली, ‘‘मामाजी, मंदाबाईचं कॉलेज बंद केल्यानं माया डोळा परत येईन का?’’ बाबांचा घास हातातच राहिला. ती पुढं म्हणाली, ‘‘येत असन तं करा बंद. नसन येत तं मले एकच पायजे. त्या कागदावर मायं नाव लिवा.’’

बाबांनी मला कॉलेजात पाठवलं ते त्या वाक्यामुळं की आणखी कशानं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सरांनी नवं पत्र लिहिलं, निरीक्षक दोन, दोघींची नावं, वहिनीचं आधी. वर्षभरानं छापील यादी आली, तीत एकच नाव होतं, माझं. सरांनी पुन्हा लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. यादी मी वहिनीला दाखवली. तिनं ती डाव्या डोळ्याजवळ धरून दोनदा वाचली, घडी घातली, परत दिली आणि म्हणाली, ‘‘बरं.’’ त्यानंतर कितीतरी वेळा मी तिच्याकडं माफी मागितली, राखीला, दिवाळीला, तिच्या मुलांच्या लग्नात. दर वेळी ती म्हणायची, ‘‘सोड व, मीच पाहिलं होतं, तू थोडीच डोकं धरून दाबलं.’’ ते ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटत नसे, कारण मी ज्याची माफी मागत होते ते खरं तर माझ्या मनात टोचत नव्हतं. टोचत होतं ते दुसरंच, आणि ते मी तिला सांगितलंच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात रोहण्याला गेले. दादा आता नाही. वहिनी सकाळच्या उन्हात खुर्ची टाकून बसली होती, मी शेजारी बसले आणि एकदाचं म्हणाले, ‘‘वयनी, त्या दिवशी मी परत आली, तू खाली बसली होती. तुले पाहिलं मी. पन तुयाजवळ नाई आली. आधी कागदाकडं गेली. ठिपके काढले, टाइम लिवला, मंग तुले विचारलं.’’

तिनं मान वळवली नाही.

‘‘मले माहीत हाय,’’ ती म्हणाली. ‘‘डावा डोळा उघडाच होता माया.’’

मी विचारलं, ‘‘मंग इतके वर्षं बोलली काऊन नाई?’’

‘‘तू कवा सांगते, ते पाहून राह्यली होती.’’